बऱ्या हाडाचा साचा

आमच्या चिंचवडच्या चाळीत कुणाचं हाड मोडलं की समोरच्या मावशी आधी विचारत, "फोटो काढला का?" एक्स-रेच्या फिल्ममधून गोधडीवर नक्षी आखायचे साचे कापत. पुठ्ठ्याच्या कडा खडूनं झिजतात, फिल्म वर्षानुवर्षं टिकते. त्यांचा नियम एकच: बाळाच्या गोधडीला बऱ्या झालेल्या माणसाचीच फिल्म. स्वतःचा साचा मात्र घराबाहेर जाऊ देत नसत.

मी कंपनीत जाताना सायकलवरून पडून मनगट मोडून घेतलं, तेव्हा आमची लेक बाळंतपणाला आली होती आणि बाळाची गोधडी अजून कोरीच होती. प्लास्टर निघाल्यापासून बायको त्या मनगटाची इतक्या मायेनं चौकशी करू लागली, की मी चांगलाच फुगलो.

शेवटी लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा मावशी कात्री घेऊन आल्या.

"भाऊ, ती पाण्याची बादली उचला बरं."

मी हसतमुखानं उचलली.

"दात कशापायी आवळले?"

"तशी सवयच आहे त्यांना," बायको घाईनं म्हणाली. "कापा तुम्ही, मावशी."

"दुखतंय अजून. ह्यो फोटो न्हाई चालायचा."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दामच बरा होत नव्हतो.

मावशी घरी गेल्या आणि स्वतःचा फुलाचा साचा घेऊन परत आल्या. तो बायकोच्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या पायाचा हाय. आता चिंचेवरनं खाली उतरत न्हाई त्यो."

मग माझ्याकडे वळल्या.

"ठेवा आता बादली खाली."