उभ्यानं लावलेला शेंदूर

आमच्या घरात कुणी फार छातीठोकपणे काही सांगायला लागलं, की दुसरं कुणीतरी हमखास विचारतं, "बसून सांगून राह्यला का उभ्यानं?" सगळे हसतात. नव्या सुनेला, नव्या जावयाला काही कळत नाही. मग सगळे माझ्याकडं बघतात, आणि मी त्या वेळी कणीक मळण्यात फारच गुंतलेली असते. आता सत्तरी मागं पडली. माझी फजिती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

आमचं गाव पठारावर. महागावच्या बाजाराला जायचं तर खाली फाट्यावर उतरून एसटी धरावी लागे. आता डांबरी रस्ता आहे, पोरं मोटरसायकलवर भुर्रकन जातात. तेव्हा गाडीवाट डोंगराला वळसा घालून जायची, त्यात अर्धा दिवस मोडायचा. नाल्यातून उतरलं तर तासाभराचं काम. नाला म्हणजे शेतातला ओहोळ समजू नका. पठारावरचं पाणी डोंगर चिरत खाली गेलं आहे, ती घळ. दोन्ही अंगांना काळा खडक, मधे हत्तीएवढे धोंडे, आणि अर्ध्या वाटेवर एक जागा इतकी चिंचोळी की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतात. त्या जागेला 'दार' म्हणतात.

मी यवतमाळात वाढलेली. मॅट्रिक पास. शाळेत असताना गाईडच्या शिबिरात दोरीच्या सात गाठी मारायला शिकले होते, त्याचं प्रमाणपत्र सासरी येताना पेटीत वरच ठेवलं होतं. त्या सात गाठींपैकी जन्मभरात एकच कामाला आली, परकराची.

लग्न झालं वैशाखात. आठ दिवसांनी सासूबाई मला बाजाराला घेऊन निघाल्या. मी त्यांना मामीजी म्हणायची. त्या अनवाणी, डोक्यावर टोपलं. माझ्या पायात टाचेची चप्पल. उन्हाळ्यात नाल्यात पाण्याचा थेंब नव्हता, तेव्हा भ्यायचं काय, असं मला वाटलं. उलट मीच म्हणाले, "मामीजी, सांभाळून हं, तुम्ही पडाल."

त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. कोरड्या नाल्यात धोंड्यांवर बारीक मुरूम साचतो, मोहरीसारखा गोल. त्यावर माझी टाच पडली आणि मी जी बसले, ती चार धोंडे खाली जाऊनच थांबले. धोंडे तव्यासारखे तापलेले. एक चप्पल उडून खडकातल्या खळग्यात पडली. तिथं तेवढं हिरवं पाणी उरलं होतं.

"माझी चप्पल!"

"राहू दे वं," मामीजी खालून म्हणाल्या. "बेंडकाले घालाले होईन."

दिवाळीच्या सुमारास दुसऱ्यांदा उतरले. आता पाणी घोट्याएवढं आणि काचेसारखं. तळाची वाळूसुद्धा मोजावी. मी डोक्यावर सीताफळांचं टोपलं घेतलं होतं, हट्टानं. आता आपल्याला जमलं, असं मनाशी म्हणायला आणि शेवाळावरून पाय जायला एकच गाठ पडली. टोपलं उलटलं. सीताफळं धोंड्यांवरून टुणटुण उड्या मारत निघाली. मी त्यांच्यामागं लुगडं सावरत. मामीजी खालच्या डबक्यात उभ्या होत्या. येईल तसं एकेक फळ उचलून टोपल्यात टाकत होत्या.

"अशीच धाडत जा वं," त्या म्हणाल्या. "डोक्यावरचं ओझं तरी वाचते."

हे सगळं सांगायचं कारण, वर्षभरात नाल्यानं मला दोनदा बसवलं, तरी बसायचं महत्त्व काही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

नाल्याच्या वरच्या तोंडाशी एक उभा धोंडा आहे, शेंदऱ्या. दर ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासायचा मान आमच्या घराचा. पावसाळ्यात शेंदूर दिसला तर नाला उतरायचा, शेंदूर बुडाला तर घरी बसायचं. एवढा एकच कायदा, आणि तो सगळं गाव पाळायचं. लग्नाच्या दुसऱ्या साली मामीजींच्या तळपायात काटा मोडला होता. त्यांनी वाटी माझ्या हातात दिली.

"शेंदऱ्यासमोर बसजो. हात पुरते तितका लावजो. अन् ये."

मी नवी मोरपंखी साडी नेसले. माहेरची होती, घडी मोडायची होती, आणि गावातल्या बायका बघतील असाही विचार होता. खोटं कशाला बोलू? शेंदऱ्यापाशी गेले तर त्याच्या पायाशी सगळा चिखल. उन्हाळ्यातही तिथं ओल राहते म्हणून गावच्या म्हशी तिथंच लोळायच्या. त्या चिखलात मोरपंखी साडी घेऊन बसायचं? मामीजी बसतात त्या गुडघे दुखतात म्हणून, असा मी निकाल लावला. माझे गुडघे तर ठणठणीत होते. मी पदर खोचला, चवड्यावर उभी राहिले आणि हात पुरेल तिथपर्यंत शेंदूर फासला. मामीजींच्या वर्षानुवर्षांच्या थरापेक्षा चांगला दीड हात वर. दूर होऊन पाहिलं. देव कसा भरल्यासारखा दिसत होता. आजवर या लोकांनी देवाला अर्ध्यावरच ठेवलं, अशी मला त्यांची कीवही आली.

गावातल्या एकदोघी म्हणाल्या, "औंदा शेंदूर बम लावला वं." मी लाजून हसले. मामीजींचा पाय बरा झाला तोवर पेरण्या आल्या आणि शेंदऱ्याकडं निरखून बघायला त्यांना सवड झाली नाही. तशीही त्यांना दुरून सगळं धूसरच दिसायचं.

श्रावणात पंचमीला माहेरी जायचं ठरलं. भाऊ खाली फाट्यावर घ्यायला येणार होता. आठवडाभर पाऊस सुरू होता, पण त्या सकाळी उघडलं आणि मी तीच मोरपंखी साडी नेसले. फाट्यापर्यंत मामीजी सोडायला निघाल्या. बाजाराचा दिवस होता. चारपाच बायका "तुम्ही व्हा पुढं, आम्ही भाकरी थापून येतोच" म्हणाल्या. मामीजी उतरल्या म्हणजे नाला उतरण्याजोगा आहे, असा गावाचा हिशोब.

शेंदऱ्यापाशी मामीजींनी डोळे बारीक केले. पाणी तांबडं, फेसाळ. "शेंदूर दिसते काय वं?"

"दिसतो की! चांगला हातभर दिसतो," मी म्हणाले. अगदी खरं होतं ते.

आम्ही कडेकडेनं उतरलो. पाण्याचा आवाज एवढा की बोलायचं तर ओरडावं लागे. जिथं चप्पल गेली तो खळगा दिसेना, जिथं सीताफळं वेचली ते डबकं दिसेना. मला मात्र भाऊ दिसत होता. दारापाशी आल्यावर मामीजी थांबल्या. त्यांनी काठी पाण्यात घातली. काठी बरीच आत गेली. त्यांनी ती काढून ओला भाग चाचपला, परत घातली.

"शेंदूर दिसते त्या दिवशीचं पाणी नाही हे," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "शेंदूर बसून लावला होता नं?"

त्या क्षणी मला सगळं समजलं. बसलेल्या बाईचा हात पुरतो तिथपर्यंत वर पाणी चढलं, की इथं दारात ते गळ्याशी येतं. ते बसणं गुडघ्यांसाठी नव्हतंच. ते माप होतं. एवढं डोक्यात लख्ख पडलं आणि तोंडातून काय निघालं?

"हो. बसूनच."

यवतमाळची पोरगी, सात गाठींचं प्रमाणपत्र, आणि चिखलाला भिऊन उभी राहिली हे कबूल कसं करणार! मला वाटलं, मामीजी आता परत फिरतील आणि आपलं झाकलेलं झाकलेलं राहील. पण मामीजींचा शेंदऱ्यावर माझ्यापेक्षा फार जास्त भरवसा.

"मंग माह्याच काठीत खोट असंन," त्या पुटपुटल्या. "म्हातारपण, दुसरं काय." आणि भिंतीला हात लावून त्या दारात शिरल्या.

पाणी मांड्यांना लागलं. कमरेला लागलं. मी वर धोंड्यावर उभी, हातात माहेरी न्यायच्या करंज्यांचा डबा. आणि माझ्या मनात काय चाललं होतं, तर वाक्य कसं बोलावं. 'मामीजी, तसं थोडं उभं राहून' म्हणावं, की 'अर्धं बसून' म्हणावं. माणूस किती मूर्ख असू शकतं याला काही सुमार नाही. मामीजींचा पाय सुटला, त्या एकदम छातीपर्यंत गेल्या, काठी हातातून निसटून गर्रकन फिरली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा माझा आवाज फुटला.

"उभ्यानं लावला! मामीजी, उभ्यानं लावला! साडी खराब होते म्हणून!"

डबा टाकून मी पुढं झाले. त्यांनी भिंतीतलं पिंपळाचं मूळ धरलं होतं. मी पदराचं टोक फेकलं, त्यांनी मनगटाला गुंडाळलं आणि मी मागं ओढायला लागले. मला गाठ मारायची आठवणही राहिली नाही. कशाबशा त्या धोंड्यावर आल्या. खोकल्या, थुंकल्या, केस पिळले. मी म्हटलं, आता बसेल एक थोबाडीत. त्या माझ्या तोंडाकडं न बघता वर, वाटेकडं बघत होत्या.

"मागून बाया येऊन राह्यल्या," त्या म्हणाल्या. "मले आता पळणं होत नाही. तू जाय. थो वरचा शेंदूर पूस."

मी पळाले. दोन्ही उतरणींत मी जितक्यांदा बसले असेन, त्याच्या दुप्पट त्या चढणीत आपटले. शेंदऱ्यापाशी पोचले, त्याच्या लगतच्या धोंड्यावर चढून गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि पुसायला लागले. तेलातला शेंदूर असा सहजी निघतो होय? वाळू घेतली आणि त्याच मोरपंखी पदरानं घासायला सुरुवात केली. मला आता साडीचं काहीच वाटत नव्हतं, हे तिथंही लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. एवढ्यात वरून बायका आल्या, डोक्यावर टोपली, हसत-खिदळत. आणि त्यांनी पाहिलं काय, तर नवी सून भर श्रावणात देवाचा शेंदूर पुसतेय!

"अवं माय! काय करून राह्यली वं? येडी झाली काय?"

"सासूचा राग देवावर काहून काढतं?"

त्यातली एक तर टोपलं सावरत मला बाजूला सारून उतरायलाच निघाली. वरचा लाल पट्टा अजून दिसत होता ना. मी तिचा हात धरला आणि जन्मात ओरडले नाही इतक्या मोठ्यानं ओरडले, "नका उतरू! शेंदूर खोटा आहे! मी उभ्यानं लावला!"

उतरणारी थांबली. मग एकीनं विचारलं, "कायले?"

"साडीले," मी म्हणाले. वऱ्हाडीत बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

टोपली खाली उतरली. दोघी माझ्याबरोबर शेंदूर घासायला लागल्या, बाकीच्या मामीजींना आणायला कडेकडेनं गेल्या. भाऊ फाट्यावर दुपारपर्यंत थांबला आणि भजी खाऊन परत गेला. करंज्यांचा डबा कुणाला मिळाला, नाल्यालाच ठाऊक.

मामीजी मला कधी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी 'दूध उतू जाणार नाही' म्हटलं की विचारायच्या, "बसून सांगून राह्यली का उभ्यानं?" त्या गेल्या, त्यांचा प्रश्न घरात राहिला.

यंदा नातीचा फोन आला. ती आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी पावसाळ्यात नाला उतरणार आहेत. आता गावातलं कुणी तिकडून जात नाही, शहरातली पोरं मात्र हौसेनं येतात. मी म्हटलं, आधी ज्येष्ठात ये, शेंदूर लावायचा आहे. ती आली, पांढरीशुभ्र पँट घालून. तिनं आणि काठीनं मिळून मला शेंदऱ्यापर्यंत नेलं. मी चिखलात बसले. बसले म्हणजे काय, कोसळलेच. हात वर केला, शेंदूर फासला. ती मोबाईलवर चित्रीकरण करत होती.

"आजी, उभी राहून लाव ना. वरपर्यंत छान दिसेल."

मला इतकं हसू फुटलं की वाटी कलंडली. हसता हसताच तिला सगळं सांगितलं, मोरपंखी साडीपासून भज्यांपर्यंत. तीही हसली. मग सांगता सांगता दारात मामीजी छातीभर पाण्यात गेल्या तिथवर आले, तेव्हा तिनं मोबाईल खिशात ठेवला.

"आता तू बस," मी म्हणाले.

"इथं? आजी, शेण आहे ते."

"असू दे."

ती बसली. तोंड वेडंवाकडं करत, पण बसली. वाटीत दोन बोटं बुडवून हात वर नेला. पोरगी माझ्यापेक्षा उंच, तिचा हात माझ्या खुणेच्या चार बोटं वर गेला. तिनं वर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि शेंदूर न टेकवताच हात खाली घेऊन माझ्या रेघेला लावला. मग बोटं पुसायला काहीच सापडेना, तेव्हा तिनं ती पँटलाच पुसली.

"निघेल का गं हे?"

"नाही," मी म्हणाले.