ऊर्मकनं उचललेला चाबूक

ऊर्मकचा दिवस पहिल्या शिंगाला सुरू व्हायचा, उजाडायला दोन घटका असताना. शिंग वाजायच्या आधीच तो पाचरी तासत बसलेला असायचा. काळ्या गडावर दगड ओढणारे आम्ही चाळीस जण, आम्हाला ओढे म्हणत. पायथ्यापासून चौथ्या बुरुजापर्यंत सहाशे पावलं, सगळा चढ. दर दहा पावलांना थांबायचं, आणि तेवढ्यात मागच्या माणसानं दगडाच्या घसरगाडीखाली पाचर ठोकायची. तो मागचा माणूस ऊर्मक. एकोणतीस वर्षांत त्याची एकही पाचर सुटली नाही.

तीस हिवाळे भरले की ओढ्याला मोकळं करतात. त्याचा एकच उरला होता. मिठाच्या तळ्याकाठी त्याची बायको इश्मेला थांबली होती. साठवलेल्या मजुरीतून मिठागराचा एक वाफा घ्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं.

मोकळीक फक्त ओढ्यांना. त्यांच्या वर दोरनाईक, चढनाईक, बुरुजकर, काळे सरदार, आणि सगळ्यांच्या वर मालक. मालकांना आम्ही कधी पाहिलं नाही. यांतला कुणी जिवंतपणी गड उतरत नाही. वरच्याला मारून त्याचा चाबूक उचलला की त्याची जागा आपली. गडावर बढती एवढीच.

आमचा दोरनाईक ग्राझ. त्या सकाळी वाट दवानं ओली होती.

"ही काय पाचर मारलीस, म्हाताऱ्या? बाळंतिणीची खाट टेकवतोयस का?" असं म्हणत त्यानं स्वतःच पाचरीला लाथ घातली. पाचर निसटली. गाडी दोन हात मागं आली आणि ग्राझ तिच्याखाली गेला.

ऊर्मक धावला. गाडीत अडकलेला चाबूक ग्राझच्या गळ्याभोवती आवळला होता. ऊर्मकनं तो सोडवून काढला, पण ग्राझचा जीव तेवढ्यात गेला. ऊर्मक उठून उभा राहिला. चाबूक हातातच होता.

सगळे ओढे गुडघ्यांवर बसले. मीही बसलो.

"उठा रे! गळ्याला फास बसला होता म्हणून काढला. वाचवत होतो मी त्याला!"

"जशी आज्ञा, दोरनाईक," पुढच्या दोरावरचा नुर्दो म्हणाला. तो ऊर्मकच्या मानेकडे बघत होता.

ऊर्मक माझ्याकडे वळला. "तोर्वा, तू शेजारी होतास. लाथ त्यानंच घातली. वर जाऊन सांग ना."

मी पाहिलं होतं. पण ओढ्यानं फक्त दोरनाईकाशी बोलायचं, त्याच्या वर नाही. आणि दोरनाईक समोरच उभा होता.

"मला तुम्हालाच सांगता येईल," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हणालो.

मग तो स्वतः चढनाईक वेल्शातबाईंकडे गेला. त्यानं माझ्याकडे दिलेला चाबूक धरून मी मागे.

"बाई, मला ओढ्याच राहू द्या. एक हिवाळा राहिलाय."

बाई हसल्या. "अपघात झाला म्हणतोस? छान. मीही माझ्या वेळी हेच सांगितलं होतं."

"खरंच सांगतो, बाई. खाली जायची काहीतरी वाट असेल."

"आहे की. ग्राझ गेला त्याच वाटेनं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बायकोला निरोप पाठव. वाट बघू नको म्हणावं. उगाच तिचं आयुष्य अडकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोर बांधताना नुर्दो पुढं आला. "दोरनाईक, पाचरीवर मला ठेवा."

पाचरीवाला दिवसभर दोरनाईकाच्या पाठीमागे असतो. ऊर्मकनं नुर्दोला पाचर कशी तिरपी धरायची, किती ठोके घालायचे, ते नीट दाखवलं. काम बिघडलेलं त्याला खपत नसे.

त्या हिवाळ्यात माझी तीस वर्षं भरली. निघताना निरोप घ्यायला गेलो, तर तो लोहाराच्या दारात बसला होता. मानेला चार बोटं रुंद लोखंडी पट्टा. सुरी आत जाणार नाही इतका जाड. मान वळवता येत नव्हती, म्हणून अख्खा माझ्याकडे फिरला.

"इश्मेलाला काय सांगू?" मी विचारलं.

"वाफा नाही म्हणावं," तो म्हणाला.

एकोणतीस वर्षांची मजुरी त्या पट्ट्यात गेली होती.