लंगडणाऱ्या नऊ गाई

ताईच्या गोठ्याला नावं ठेवायला जागा नव्हती. निदान पाहुणा येईपर्यंत तिची तशी खात्री होती. वडील गेल्यापासून अठरा वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ बेचाळीस गाई सांभाळत होते. कुठली गाय खोकली, हे ती पाठमोरी उभी राहूनही सांगायची. सगळे तिला ताईच म्हणत. दूध न्यायला येणारा टँकरवाला वयाने मोठा, पण तोही.

पाहुणा समुद्रापलीकडचा, तिच्यासारखाच गोठेवाला. दोन देशांतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांचे गोठे बघायचे, जनावरांच्या तब्येतीबद्दल, सुखदुःखाबद्दल बोलायचं, अशी योजना होती. सहा महिन्यांनी ताईने तिकडे जायचं होतं. सोबत दुभाषी म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती.

धुतलेल्या गव्हाणी, दूध काढायचं यंत्र, वासरांचा कोरडा कप्पा, ताईने सगळं हौसेने दाखवलं. पाहुणा मान डोलवत राहिला. मग म्हणाला, "धार काढून गाई परत येतात, तेव्हा मला दाराशी उभं राहायचंय."

तो उभा राहिला. गाई एकेक करून सिमेंटवरून गेल्या. मधूनच तो एकेक बोट मिटत होता. शेवटची गाय गेल्यावर दुभाषी मुलगी चाचरत म्हणाली, "ते म्हणतात, नऊ लंगडतायत."

"लंगडत नाहीत," ताई फटकन म्हणाली. "वय झालंय. सावकाश चालतात इतकंच."

"मीही वीस वर्षं हेच म्हणत होतो," पाहुणा म्हणाला.

चहा कसाबसा झाला. गाडी फाटकाबाहेर पडताच भाऊ हसला. "घ्या! आपल्याच घरात येऊन आपल्यालाच नापास करून गेला." ताईला हसू आलं नाही. संध्याकाळी ती त्याच दाराशी उभी राहिली आणि मोजायला लागली. नऊच भरल्या. टिकली नावाची गाय पाऊल टाकताना पाठ कमानीसारखी वर काढत होती. तिचं ते चालणं ताई तीन वर्षं रोज बघत होती. ती तिची चालच आहे, असं तिने धरून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर खूर तासणाऱ्याला घेऊन आले. टिकलीचा मागचा पाय दोरीने वर बांधला. खुराचा वरचा थर तासल्यावर आतून काळपट पू आला आणि वासाने भावाने तोंड फिरवलं.

"मी दोनदा बोललो होतो तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

"कधी?"

"मागच्या साली, आणि त्याच्या आधी. तुम्ही म्हणालात, दूध तर देतेय ना."

ताईला आठवलं. शब्द तिचेच होते.

तिने सिमेंटवर रबरी चटया घालायचं काढलं, तेव्हा भाऊ उखडला. "एक परका माणूस दोन तास आला, तर वडिलांनी बांधलेला गोठा एकदम वाईट झाला?"

"वडिलांनी बांधला तेव्हा गाई दिवसभर कुरणात असायच्या," ताई म्हणाली. "आत आपण कोंडल्या."

त्यानंतर भाऊ आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. पण चटया त्यानेच टाकल्या, निम्म्या गोठ्यात.

आठ गाई हळूहळू सुधारल्या. टिकलीचं दुखणं हाडापर्यंत गेलं होतं. दोन महिने मलमपट्टी झाली, शेवटी ती उठेनाशी झाली. इंजेक्शन देऊन तिला सोडवायचं ठरलं. ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेवटपर्यंत टिकली तिचा हात चाटत होती, आणि तेच ताईला सोसवेना. चावली असती, शिंग मारलं असतं, तर बरं वाटलं असतं.

तिकडे जायचा दिवस आला. सभागृहात तिला यशाची गोष्ट सांगायला उभं केलं. दुभाषी मुलीने भाषणाचा कागद पुढे सरकवला. ताईने तो घडी करून ठेवला.

"माझी एक गाय होती," ती म्हणाली. "तीन वर्षं मी रोज दोनदा तिच्या पायाशी बसून यंत्र लावलं. तो पाय मला दिसला नाही. मला गाई कळतात, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे." एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, लोकांना समजेना. अध्यक्षांनी घाईघाईने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. पाहुणा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

ती घरी परतली तेव्हा भाऊ फाटकात उभा होता. प्रवास कसा झाला, हे त्याने विचारलंच नाही.

"ताई, आणखी दोघी लंगडायला लागल्यात," तो म्हणाला. "चटया नाहीत त्या बाजूच्या. मी वेगळ्या बांधल्यात. तू बघतेस?"

बॅग ओसरीवर टाकून ताईने गमबूट चढवले.