गुडघ्यांची चौकशी

माझा मुलगा फरीदाबादला राहून जुने फ्लॅट घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. विकायचं मनात आहे पण ठरत नाही, अशा लोकांना पुन्हा पुन्हा फोन करावा लागतो. त्यातली मराठी माणसं त्यानं माझ्याकडे दिली. "आई, तू मराठीत बोललीस की कोणी फोन ठेवत नाही," म्हणाला. मी चौथी पास. बोलायला तेवढं पुरतं.

दिल्लीत मयूर विहारला एक विधवा बाई एकटी राहायची. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिचा मुलगा पुण्यात. त्याच्या आग्रहावरून तिनं माझ्या मुलाकडे फ्लॅटची किंमत विचारली होती, मग 'बघू' म्हणून गप्प बसली.

"घराचं नाव काढायचं नाही," माझ्या मुलानं मला शिकवलं. "फक्त विचारायचं, गुडघे कसे आहेत? बाकी ती स्वतःच बोलेल."

मी दर गुरुवारी विचारायला लागले. आपल्यात फोन केला की आधी तब्येतच विचारतात, त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही. पहिल्यांदा म्हणाली, "गुडघ्यांना काय धाड भरलीय? रोज खाली जाते, भाजीवाल्याशी भांडते." पुढं कधीतरी म्हणाली, "हल्ली जरा कुरकुरतात."

मी म्हटलं, "जपा हो. जिन्यात पडलात तर उचलायला कोण आहे?"

हे वाक्य मुलानं शिकवलेलं नव्हतं. माझं होतं.

थंडी सरेपर्यंत तिनं खाली उतरणं सोडलं. टोपलीला दोरी बांधून भाजी वर ओढायला लागली. एका गुरुवारी म्हणाली, "ताई, विकून टाकते. पोराच्या घरी मला करमत नाही, पण या जिन्याची भीतीच बसलीय. तुम्ही एवढी काळजी करता, तुम्ही सांगाल तसं."

माझा मुलगा शेजारीच बसला होता. खूश झाला. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला न सांगता मेट्रोनं मयूर विहारला गेले. तिनं दार उघडलं, आवाजावरून मला ओळखलं, पाणी पुढं केलं. मी घेतलं नाही.

"गुडघ्यांचं मी काळजीनं विचारत नव्हते. तुम्हाला जिन्याची धास्ती बसावी, घर विकावं, म्हणून विचारत होते."

ती म्हणाली, "तुम्ही वर कशा आलात?"

"जिन्यानं."

"वय काय तुमचं?"

"तुमच्याहून जास्तच असेल."

"मग मेले, मला का पांगळी करून ठेवलीस?"

"चला, खाली जाऊ," मी म्हटलं.

तिनं चपला घातल्या. कठडा धरून एक मजला उतरली आणि वळणावर थांबली. दोन्ही हातांनी कठडा धरला. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाली. पण पुढची पायरी काही उतरेना.

"तू जा. पोराला येते म्हणून कळवलंय मी. आणि ऐक, घर तुझ्या मुलाला देणार नाही."

तिला वर सोडलं आणि एकटी खाली उतरले.

घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मुलगा अजून म्हणतो, "यार आई, पिकलेला सौदा घालवलास." बाकीच्यांना आता तोच फोन करतो. गुडघ्यांचं विचारतो की नाही, ते मी त्याला विचारलेलं नाही.