जो मारेल तो आणेल

अमरावतीच्या आमच्या मैदानावर गोलला जाळी नव्हती. दोन लोखंडी खांब, त्यांच्यावर एक आडवा, आणि मागे सरळ नाला. नाल्याच्या काठाने बाभळी. गोल झाला की बॉल त्या काट्यांत जाऊन बसायचा, आणि मैदानाचा कायदा असा होता की जो मारेल तो आणेल. म्हणजे गोलचा आनंद दोन उड्यांपुरता, मग बाभळीत शिरा आणि अंग ओरबाडून घ्या. मी स्ट्रायकर. माझ्या हातांवर त्या ओरखड्यांच्या खुणा अजून आहेत.

तो गोलमध्ये असला की मात्र मला नाल्याकडे फारसं जावं लागत नसे. तो म्हणजे माझा मित्र. मूळचा अकोल्याचा, अकोट रस्त्याला घरची काळी शेती, आणि पोराने कुठे तरी सरकारी खात्यात चिकटावं एवढीच बापाची इच्छा. तो कॉलेजसाठी अमरावतीला आला, होस्टेलवर राहिला आणि आमच्या टीमचा गोलकीपर झाला. सगळे घरी गेले की आम्ही दोघं मागे राहायचो. मी मारायचो, तो अडवायचा. बाकीच्या कीपरांना मी हातोहात फसवत असे, पण हा माझा पाय बॉलला लागायच्या आतच बरोबर त्या बाजूला निघालेला असायचा. लोक म्हणत, याच्या अंगात मांजर आहे. मीही तेच म्हणायचो. ह्याच्यापुढे ज्याला गोल मारता आला त्याला जगात कुठेही मारता येईल, असं मी स्वतःला समजावत होतो आणि रोज जास्त जोराने मारत होतो.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्यांना फुटबॉलमधलं एवढंच कळायचं की ह्याने बुटांची वाट लागते. पण गोव्याकडच्या एका क्लबने मला घेतलं तेव्हा वस्तीने विहारात सत्कार ठेवला, वंदना झाली, शाल दिली, आणि वडील पहिल्या रांगेत ताठ बसले होते. मित्र मुद्दाम अकोल्याहून आला होता. त्याला तोवर कुठल्या क्लबने विचारलं नव्हतं. तरी सगळ्यांत जास्त रडला तोच. आईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि वाढताना म्हणाली की एकाला नेलं तसं दुसऱ्यालाही नेतील. पुढच्या वर्षी त्यालाही एका क्लबने घेतलं, पण राखीव म्हणून. मोसमच्या मोसम बाकावर बसून काढायचे आणि सरावात दुसऱ्यांचे बॉल झेलायचे. मला त्याची कीव यायची, आणि ती त्याला कळू नये म्हणून मी फोनवर माझ्या गोलांविषयी कमी बोलायचो.

पहिले दोन मोसम मी चांगला खेळलो. पेपरात नाव आलं, फोटो आला, वडिलांनी तो डेपोत लावला. तिसऱ्या मोसमावर सगळं अवलंबून होतं. गोल झाले तर वरच्या लीगमधला क्लब मला घेणार होता, बोलणं जवळपास ठरलं होतं. नाही झाले तर माझ्या क्लबलाही माझी गरज उरणार नव्हती. स्ट्रायकरचं असंच असतं. बचाव करणाऱ्याचं काम कोणाला दिसत नाही, पण त्याची नोकरी टिकते. आमचं काम सगळ्यांना दिसतं, आणि ते झालं नाही तर तेही सगळ्यांना दिसतं.

त्या मोसमात आमची त्याच्या क्लबशी मॅच झाली. तो नेहमीसारखा बाकावर होता, जाताना त्याने हात केला. मी तीनदा एकटा त्यांच्या कीपरसमोर गेलो आणि तीनही वेळा तो कीपर माझ्या आधी पोचलेला. असा दिवस असतो, मी म्हटलं. मग पुढची मॅच तशीच गेली. मग त्याच्या पुढची. जणू गावोगावच्या कीपरांना माझ्या पायाची बातमी लागली होती. कोचने आधी पाठीवर थाप मारली, मग बोलणं कमी केलं, मग मलाच बाकावर बसवलं. मी बूट बदलले. केस कापले. आई तिकडे विहारात मेणबत्ती लावून येत होती, हे मला बहिणीकडून कळलं आणि आणखी लाज वाटली.

त्या दिवसांत मी मोकळं बोललो ते एकाच माणसाशी. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मी त्याला सगळं सांगायचो, रात्री झोप येत नाही, हेसुद्धा. तो शांतपणे ऐकायचा. कॉलेजपासून मला ओळखणारा, माझे हजारो शॉट अडवलेला माणूस. मी त्याला सरळ विचारलं की माझ्या मारण्यात काही चुकतंय का. तो म्हणाला, "काही चुकून नाही राहिलं. नशीब आहे गड्या. तू काही बदलू नोको, जसा मारतो तसाच मार."

मी तसाच मारत राहिलो. मोसम संपला, वरच्या क्लबने फोन उचलणं बंद केलं, आणि माझ्या क्लबने करार वाढवला नाही. मी अमरावतीला परत आलो, एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. डेपोतला फोटो वडिलांनी निवृत्त होताना घरी आणला आणि कपाटाच्या आत ठेवला. मला दिसू नये म्हणून आत. पण कपडे काढताना रोज दिसतो.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याला एक स्पर्धा होती. आमच्याकडे अशा स्पर्धांना बाहेरचे जुने खेळाडू पाहुणे म्हणून बोलावतात, मलाही बोलावलं होतं. माझ्याच टीममध्ये दुसरा पाहुणा निघाला तो तिसऱ्या मोसमातला कीपर, ज्याने मला तीनदा अडवलं होतं. माणूस दिलखुलास. नाश्त्याला आम्ही शेजारी बसलो. त्याने हसत हसत विचारलं की तुमच्या गावच्या जमिनीत खरंच एवढ्या मोठ्या भेगा पडतात का. मला कळेना. मग त्याने सांगितलं.

उन्हाळ्यात आमची काळी माती फाटते. पाऊल आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि शॉट मारताना उभा पाय भेगेत गेला तर घोटा कामातून जातो. म्हणून इथली सगळी पोरं मारायच्या आधी डावा पाय कुठे टेकवायचा ते एकदा खाली पाहून घेतात. मीही पाहायचो. गोव्याच्या हिरव्या गवतावरही पाहायचो, कारण आपण पाहतो हे मला माहीतच नव्हतं. जिकडे पाहिलं तिकडे पाय, आणि जिकडे पाय तिकडे बॉल. हे माझ्या मित्राने मॅचच्या आदल्या दिवशी सगळ्या टीमसमोर सांगितलं होतं. कोचने विचारलं, ह्या स्ट्रायकरला कोणी ओळखतं का, आणि वर्षभर तोंड न उघडलेल्या राखीव कीपरने हात वर केला. नंतर खेळाडू क्लब बदलत गेले, गोष्ट त्यांच्याबरोबर फिरली. पाहुण्याला वाटलं मला हे केव्हाच कळलं असणार. त्याने आणखी पोहे मागवले.

केसाने गळा कापणं म्हणतात ते मी आजवर फक्त ऐकलं होतं. मॅचआधी सांगितलं ते मी एक वेळ समजू शकलो असतो. तो त्या क्लबचं मीठ खात होता. मला जाळत होते ते रविवार. जसा मारतो तसाच मार.

तोही खेळ सोडून गावी परतला होता, त्याचं घर मैदानापासून लांब नव्हतं. दुपारी आमची मॅच संपली, तो मला भेटायला आलाच होता, पोट सुटलेलं, हातात माझ्यासाठी घरच्या हुरड्याची पिशवी. मी पिशवी घेतली नाही. मैदान रिकामं झाल्यावर मी त्याला विचारलं, कॉलेजपासून तुला हे माहीत होतं?

तो मातीचं एक ढेकूळ चपलेने दाबत राहिला. मग म्हणाला, पहिल्या उन्हाळ्यापासून.

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू मोठा झाला असता," तो म्हणाला. "अन् मी कोन उरलो असतो? तुले अडवतो म्हनूनच लोक मले कीपर म्हनत. माह्याजवळ तेवढंच होतं."

त्याने माफी मागितली नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. कॉलेजात सगळे घरी गेल्यावर ज्याला मी माझा सराव समजत होतो तो त्याचा सराव होता. मी रोज त्याला मला वाचायला शिकवत होतो, आणि वर घरी नेऊन आईच्या हातचं जेवू घालत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार?

तिथे एक बॉल पडला होता. काय वाटलं कोण जाणे, तो चपला काढून गोलमध्ये जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मार. मी बॉल ठेवला. मनाशी पक्कं केलं की खाली पाहायचं नाही. धावलो, आणि माझे डोळे आपोआप खाली गेले. डावीकडे. त्याने ते पाहिलं. मी त्याला पाहताना पाहिलं. बॉल डावीकडेच गेला, फार जोरातही नाही, ह्या पोटासह त्याने सहज झेलला असता.

तो जागचा हलला नाही. हात मांडीला लावून उभा राहिला आणि बॉल जाऊ दिला.

इतक्या वर्षांत त्याने मला दिलेला तो पहिला गोल. कुठल्याही गोलचा मला एवढा राग आला नव्हता.

अकोल्याच्या त्या मैदानावरही जाळी नाही. बॉल मागच्या बाभळीत जाऊन बसला. तो माझ्याकडे पाहत थांबला, कारण कायदा दोघांनाही पाठ होता. मी बॅग खांद्याला लावली आणि अमरावतीच्या गाडीसाठी स्टँडकडे निघालो. बॉल मी आणला नाही.