हरणाबाईच्या हातातली देवी

हरणाबाई माझी धाकटी जाऊ. मी लग्न होऊन विट्याला आल्यापासून यमाईचे मंगळवार-शुक्रवार धरते, औंधाचा डोंगर दरवर्षी अनवाणी चढते. आणि देवीनं यावं कुणाच्या अंगात? जिला आरतीचं दुसरं कडवं येत नाही तिच्या.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिचे यजमान, माझे दीर कृष्णात, मद्रासकडचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं, दुकान मोडून घरी आले. गावोगावच्या सोनारांच्या दुकानातला केर ते विकत आणत. हरणाबाई तो धुवून त्यात पारा मळायची. केरातलं सोनं पारा धरतो. मग तो गोळा फडक्यातून पिळून चुलीच्या निखाऱ्यावर ठेवायची. पारा उडून जायचा, सोन्याचा मणी उरायचा. भाकरीही त्याच चुलीवर. दिरांनी तिला त्यातूनच पाटल्या केल्या. माझ्या हातात काचेच्या बांगड्या, पण ते असो.

एका शुक्रवारी हरणाबाईनं आरतीचं ताट घेतलं आणि तिचे हात थरथरायला लागले. शेजारच्या साळूबाईनं लगेच ओळखलं, देवी आली. मग बायकांची रीघच लागली. हरणाबाई लाजून दाराआड लपली तर ते देवीचं मौन. पोरांवर खेकसली तर देवीचा कोप. हिरड्यांतून रक्त आलं तर देवीनं विडा खाल्ला. पाटल्या रुप्यासारख्या पांढऱ्या पडल्या, तर देवीनं म्हणे सोनं मागून घेतलं. ती पाटावर बसायची आणि मी तिचे नारळ पोत्यात भरायची.

पण पुढंपुढं तिच्या हातातला घास तोंडापर्यंत जाईना. दात हलायला लागले, तोंडाला सारखी लाळ. मी म्हटलं, सांगलीला डॉक्टरांना दाखवू. दीर म्हणाले, देवीचा अपमान होईल. मला तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंच होतं, की ही देवी नव्हे. शेवटी ती भोवळ येऊन उंबऱ्यावर पडली, तेव्हा दिरांनी हट्ट सोडला आणि मी तिला मोटारीत घातलं.

डॉक्टरांनी हात बघायच्या आधी पाटल्या बघितल्या आणि विचारलं, सोनं असं पांढरं पाऱ्यानं पडतं, घरात पारा आहे का? पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, श्वासातून आत जाते आणि मेंदूत, मूत्रपिंडात जाऊन बसते, म्हणाले. लढाईच्या काळात निघालेलं नवं औषध त्यांनी मुंबईहून मागवलं. कमरेत खोल सुई. औषधाला कुजका वास, आणि ठणका असा की हरणाबाई पदर चावायची. पाऱ्यानं सोनं धरावं तसं हे औषध पाऱ्याला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण त्या चुलीपुढं पुन्हा बसली तर सगळं फुकट, असं त्यांनी दिरांना बजावलं. थरथर हळूहळू जाईल, थोडी राहीलही.

दवाखान्यात मी तिला दूधभात भरवत होते, आणि शेजारच्या खाटांवरच्या बायका म्हणत, काय नशिबाची आहे ही. भरवणारीचं नशीब कुणी काढलं नाही.

घरी आल्यावर दिरांनी चूल फोडली. खोलीची जमीन खणून माती गावाबाहेर पुरली. पारा बंद झाला. दारात बायका नारळ घेऊन उभ्याच होत्या. हरणाबाईनं मला आत बोलावून हळूच विचारलं, "आक्का, देवी गेली का वो?"

"पारा गेला," मी म्हटलं.

तिनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "म्हंजी देवी तुमच्या अंगात आल्ती. त्याबिगर मला सांगलीला कोण नेतंय?"

तिनं बाहेर जाऊन सगळ्यांना तसंच सांगितलं. साळूबाईनं पहिला नारळ माझ्या ओटीत घातला, हरणाबाईनं सांगितलं म्हणून. मी आरतीचं ताट घेतलं, डोळे मिटले, आईला मनापासून हाक मारली. ताट जरासुद्धा हललं नाही.

हरणाबाई आता आपल्या हातानं जेवते, सुईत दोरा ओवते. आरतीला माझ्या शेजारी उभी राहते. तिच्या हातातलं निरांजन अजून किंचित हलतं, आणि बायका अजून तिकडंच बघतात.