अक्कांची नाडी

कुठल्याही भागावर शिक्का मारण्याआधी अक्का त्यावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प बघूया," म्हणजे जरा बघूया. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात प्रेसवर दाबून निघालेले पत्र्याचे भाग तपासणं हे त्यांचं काम. भाग चुकलेला निघाला तरी करणाऱ्यावर त्या ओरडत नसत. त्याला शेजारी उभं करून मोजपट्टी त्याच्याच हातात द्यायच्या, आकडा त्यालाच वाचायला लावायच्या आणि कानडीत विचारायच्या, "सरी?", म्हणजे बरोबर? पुढचं तो स्वतःच समजून घ्यायचा.

मी नागपूरहून आलेली, एचआर विभागात. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतच. राजाजीनगरहून कंपनीच्या बसने आम्ही शेजारी बसून जायचो. त्यांच्या अर्ध्या कानडी मराठीला मी हसायचे, माझ्या अर्ध्या इंग्रजी मराठीला त्या हसायच्या. मी मानसशास्त्र शिकले आहे हे कळल्यापासून त्या अधूनमधून गमतीने विचारायच्या, आज माझ्या मनात काय आहे ते सांग बघू.

मग एका हिवाळ्यात अक्का बदलल्या. डबा संपवून दुसऱ्याच्या डब्यातलं खायच्या आणि तरी वाळत चालल्या होत्या. बसमध्ये आम्ही स्वेटर घालून बसलेलो असताना त्या खिडकी उघडून पदराने घाम पुसायच्या. रात्री झोप येत नाही म्हणायच्या. एका ऑपरेटरला त्यांनी सगळ्यांसमोर गाढव म्हटलं. तो बिचारा रागावला नाही, मान खाली घालून पुन्हा मशीनकडे वळला.

तुम्हीही पाहिलं असेल, माणूस बिघडला की आपल्याकडे कारणं तयार असतात. कुणी म्हणालं, वय. कुणी म्हणालं, घरी नवी सून आली आहे. मी माझ्या शिक्षणाला शोभेलसा एक इंग्रजी शब्द लावला, बर्नआउट. हार्मोन माणसाचं वागणं कसं बदलतात यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. शेजारच्या सीटवरच्या घामाचा त्या पानांशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यातच तीन नंबरच्या प्रेसचं प्रकरण झालं. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या प्रेसवर होता. काम वेगाने व्हावं म्हणून तो बंद करून ठेवला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, अक्कांनाही. त्या दिवशी मात्र त्यांनी तपासायच्या भागांचा ट्रे मॅनेजरच्या पायाशी आपटला आणि विचारलं, कुणाचा पंजा गेल्यावर तो सेन्सर चालू करणार आहात?

ताकीदपत्र मीच टाइप केलं. सही घ्यायलाही मीच बोलावलं. अक्का खुर्चीत बसल्या, पेन हातात घेतलं, पण सही उमटेना. बोटं थरथरत होती. ज्या हातांनी केसाएवढा फरक ओळखला, ते हात. मी त्यांचं मनगट धरलं तर नाडी नुसती धावत होती. तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळे मोठे झालेले, गळ्याशी किंचित सूज. पत्र बाजूला ठेवून मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

रक्त तपासल्यावर कळलं, थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा किती तरी जास्त काम करत होती. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, काही महिने जातील, पण उतार पडेल.

मॅनेजरना हायसं वाटलं. ट्रे आपटण्याबरोबर सेन्सरची तक्रारही त्यांनी आजाराच्या खात्यात टाकली. मी पत्र मागे घेतलं आणि फाईलवर 'प्रकृतीचं कारण' असा शेरा मारला. मला वाटलं, आपण अक्कांवर उपकारच केला.

उतार पडला. अंगावर मांस आलं, आवाज खाली आला. त्या ऑपरेटरकडे जाऊन त्यांनी कानडीत माफी मागितली. त्याने त्यांना चहा आणून दिला.

एके सकाळी बसमध्ये त्यांनी हळूच विचारलं, "त्या दिवसांत बोललं ते कोण गं? मी, की ही गळ्यातली ग्रंथी?"

मी ताबडतोब ग्रंथीवर ढकललं. "तुमची काही चूक नव्हती, अक्का."

त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे खरं बोलले, तेही तिचंच?"

मी पर्समध्ये ओळखपत्र शोधू लागले.

आठवड्याभराने त्या माझ्या टेबलाशी आल्या. मनगट पुढे केलं आणि म्हणाल्या, "मोज." मी घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. चौऱ्याहत्तर.

"सरी. आता लिही," अक्का म्हणाल्या. "तीन नंबरच्या प्रेसचा सेन्सर बंद आहे. त्या दिवशी माझं रक्त बोललं असं तुम्ही ठरवलंत. आज मी बोलते."

त्यांनी तक्रार सावकाश सांगितली, एकदाही आवाज न चढवता. मी शब्द न् शब्द लिहून घेतला; हे पत्र मॅनेजरकडे मलाच न्यायचं होतं. खाली त्यांनी सही केली, सुबक, पूर्ण नावाची. ती सही असलेला कागद आता कुणालाच आजाराच्या खात्यात टाकता आला नाही. चार दिवसांनी सेन्सर चालू झाला. उत्पादन थोडं घटलं. अक्कांचे आभार कुणी मानले नाहीत, उलट काहींनी तोंडं वाकडी केली.

वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. पुढच्या पावसाळ्यात झोपेतच गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर कळवलं.

त्यानंतर महिन्याभराने मी प्रेसच्या बाजूने जात होते. तीन नंबरवरच्या एका नव्या मुलीने घाईत हात आत घातला. मशीन खटकन थांबलं. ती चिडून काहीतरी पुटपुटली, हात बाहेर काढला, पाचही बोटांनी केस मागे सारले आणि पुन्हा कामाला लागली.